वळणावरची मोटार

कामगारसंघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने अमेरिकेतल्या एका शौकीन मोटारीवर का बोलावे, असा प्रश्न हा विषय जाहीर झाल्यावर आमच्या काही मित्रांनी आम्हाला विचारला. प्रश्न रास्त आहे. आमच्यापाशी तसली मोटार नाही आणि कधी नव्हती. यंत्रशास्त्राची पदवीही नाही. जे काही कळते ते सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके चाळून आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीलोकांना प्रश्न विचारून मिळवलेले आहे. तथापि या मोटारीच्या पोटाखालच्या एका लोखंडी कांबीवरून अमेरिकेत दहा-बारा वर्षे जो वाद झाला, तो आम्हाला आमच्या घरचाच वाद वाटतो. ती कांब बसवावी की न बसवावी, आणि न बसवल्यास जे होईल त्याचा जाब कोणी द्यावा, असा तो वाद होता.

मोटारीचे नाव शेव्हरोले कॉर्व्हेअर. जनरल मोटर्स कंपनीने ती १९५९ च्या ऑक्टोबरात बाजारात आणली आणि १९६९ च्या मे महिन्यात बंद केली. या दहा वर्षांत सतरा लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

प्रथम वळणाची गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी बोरघाट किंवा खंबाटकी एस.टी.त बसून उतरलेला आहे. गाडी डावीकडे वळली की आपण सारे उजवीकडे कलंडतो. गाडीचे धूडही तसेच कलंडते, आणि बाहेरच्या बाजूच्या चाकांवर भार वाढतो. गाडीला वळणावर धरून ठेवणारे काय असते? चार टायरांचे जमिनीला टेकलेले चार तळहाताएवढे ठसे, याखेरीज काही नाही. वेग जास्त झाला की कोणता तरी ठसा प्रथम सुटणार. पुढचे ठसे आधी सुटले तर गाडी पुरेशी वळत नाही, सरळ बाहेरच्या बाजूस जाऊ पाहते. घाबरलेला चालक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, वेग उतरतो आणि बहुधा पकड परत येते. मागचे आधी सुटले तर गाडी मागून फेकली जाते, तोंड आत वळते आणि गाडी सांगितल्यापेक्षा जास्त वळू लागते. या वेळी वळणाच्या उलट दिशेने चाक फिरवावे लागते. शर्यतीतल्या माणसाला ते साधते. मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या आईकडून ती अपेक्षा करणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून हात मारण्याचा उपदेश करणे होय.

आता गाडीखाली वाकून पाहू. जुन्या गाडीत मागची दोन चाके एकाच सलग आसावर असतात, बैलगाडीसारखी. एक चाक दगडावर चढले की दुसऱ्यालाही हिसका बसतो. यावर एडमुंड रुम्पलर या व्हिएन्नात जन्मलेल्या तंत्रज्ञाने १९०३ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. आसाचे मधोमध दोन तुकडे करावयाचे आणि फाटकाची दोन दारे बिजागरीवर हलावीत तसे ते दोन अर्धे आस मधल्या सांध्यावर वरखाली हलू द्यावयाचे. प्रत्येक चाक आपापला खड्डा आपण सोसते. चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कारखान्याने १९२३ साली हान्स लेडविंका यांच्या हातून याच पद्धतीची गाडी काढली. खराब रस्त्यावर ती उत्तम चाले. पुढे जर्मनीच्या फोक्सवॅगनने ही पद्धत घेतली, पोर्शेने घेतली. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डच्या मागेही हीच रचना होती, आणि १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेरल्ड तिचीच बहीण. तेव्हा हा दोलायमान आस आपल्या रस्त्यांनाही अगदीच परका नाही.

परंतु दाराचा गुण तोच त्याचा दोष. बिजागरीवरचे दार हलले की त्याचे टोक कमानीत फिरते. अर्धा आस वरखाली झाला की चाकही सरळ उभे राहत नाही, तिरपे होते. वळणावर बाहेरच्या टायरावर जमिनीकडून आतल्या बाजूस जोर येतो. तो जोर त्या अर्ध्या आसाला टेकू दिल्याप्रमाणे गाडीचा मागचा भाग उचलू लागतो. भाग उचलला की चाक आणखी तिरपे होते, टायर कडेवर उभा राहतो आणि घोटा मुरगळलेल्या पावलासारखे चाक गाडीच्या पोटाखाली दुमडू लागते. मग जी पकड सुटते ती एकदम सुटते. आगाऊ सूचना फारशी मिळत नाही. त्यातून इंजिन मागे असेल, म्हणजे गाडीचे बहुतेक ओझे मागच्याच चाकांवर असेल, तर हा दोष अधिकच बळावतो. मोटार ‘धरून’ चालते की नाही, या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मॉरिस ऑली हे इंग्रज अभियंता होते. रोल्स-रॉइसमधून ते जनरल मोटर्समध्ये आले, आणि १९५३ साली त्यांनी दोलायमान मागच्या आसावर स्पष्ट प्रतिकूल मत दिले होते. म्हणजे ही विद्या कंपनीच्या घराबाहेरून येणार होती असे नाही. ती घरातच होती.

कॉर्व्हेअरचा जन्म कसा झाला तेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर डेट्रॉइटच्या गाड्या दरवर्षी लांब, रुंद आणि चकचकीत होत गेल्या. सामान्य माणसाला परवडेल अशी लहान गाडी काढा, अशी मागणी मोटारकामगारांच्या युनियनने वॉल्टर रॉयथर यांच्या नेतृत्वाखाली १९४९ सालीच केली होती. गाडी कशी असावी हे सांगणे कामगारांचे काम नव्हे, अशा भावनेने तिच्याकडे दुर्लक्ष झाले. पुढे फोक्सवॅगनचा लहानसा ‘बीटल’ अमेरिकेत खपू लागला तेव्हा तीच मागणी मालकांना एकाएकी दूरदृष्टीची वाटू लागली. शेव्हरोले विभागाचे प्रमुख एड कोल हे हाडाचे अभियंते होते. त्यांनी जी गाडी काढली ती धाडसी होती, हे कबूल केले पाहिजे. सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे ॲल्युमिनियमचे इंजिन त्यांनी गाडीच्या मागे बसवले. ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र छापले, ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने कॉर्व्हेअरला १९६० ची सर्वोत्तम गाडी ठरवले.

मागे आस कोणता होता? दोलायमान. हीच पद्धत का घेतली, याचा खुलासा शेव्हरोलेच्या एका अभियंत्याने १९६० साली आपल्या समव्यावसायिकांपुढे केला. खर्च कमी, जोडणी सोपी, दुरुस्ती सोपी, रचना साधी, ही त्याने सांगितलेली कारणे. चारही कारणे खरी होती आणि यांतल्या कोणत्याही कारणाची आम्हाला लाज वाटत नाही. स्वस्त गाडी काढावयाची तर पैसा वाचवलाच पाहिजे. प्रश्न तो कोठे वाचवला एवढाच आहे.

आणि येथे ती कांब येते. इंग्रजीत तिला ॲन्टी-रोल बार म्हणतात. पोलादाची एक सळई, दोन्ही टोके वाकवलेली, पुढच्या दोन चाकांना आडवी जोडणारी. दोन्ही चाके एकदम वर उचलली तर ती नुसती फिरते, काही करीत नाही. गाडी एका बाजूस कलंडू लागली की मात्र ती पिळली जाते आणि कलंडण्याला विरोध करते. तिचा खरा उपयोग याहून सूक्ष्म आहे. कलंडणाऱ्या धुडाचा जास्त वाटा पुढची चाके उचलतात आणि मागच्या चाकांवरचा ताण हलका होतो. म्हणजे वेग फार झालाच तर पुढचे ठसे आधी सुटतात, मागचे नंतर. पुढची पकड थोडी कमी करून गाडी अधिक सुरक्षित होते, हे ऐकायला उफराटे वाटते. पण घाबरलेला माणूस काय करील याचा विचार त्यात आहे. कॉर्व्हेअरच्या आखणीत या कांबीचा विचार झाला होता. विक्रीच्या गाडीत ती आली नाही.

तिच्याऐवजी काय आले? हवा! पुढच्या टायरात १५ पौंड आणि मागच्या टायरात २६ पौंड हवा ठेवावी, अशी सूचना मालकाच्या हाती दिलेल्या पुस्तिकेत होती. पुढचा टायर मऊ ठेवला की त्याची पकड ढिली होते, आणि कांबीने जे साधावयाचे ते थोडेफार हवेने साधते. तंत्रदृष्ट्या युक्ती चूक नव्हती. पण त्या वेळच्या अमेरिकन माणसाला चारही टायरांत सारखीच हवा भरण्याची सवय होती. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या पुस्तिका वाचून हवा भरीत नाही. १५ पौंडांचा टायर त्याला बसलेलाच वाटणार आणि उपकार म्हणून तो फुगवून ठेवणार. लाखो गाड्यांची धरण अशा रीतीने पंपावरच्या पोऱ्याच्या हाती सोपवली गेली.

येथे आम्हाला थांबावेसे वाटते. कारखान्यातल्या अपघातांच्या चौकशीत कामगारांतर्फे बसण्याचे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले आहे. प्रेसमशीनला आडोसा नसतो. भिंतीवर ‘हात सांभाळा’ अशी पाटी मात्र असते. बोटे गेली की अहवालात पाटीचा उल्लेख अगत्याने येतो, आडोशाचा येत नाही. कामगाराचा निष्काळजीपणा, एवढा शेरा मारून कागद बंद होतो. कॉर्व्हेअरच्या पुस्तिकेतला तो हवेचा आकडा वाचला तेव्हा आम्हाला ती पाटी आठवली.

आता या कहाणीतला विलक्षण भाग. साधी कॉर्व्हेअर अपेक्षेइतकी खपली नाही; फोर्डची फाल्कन तिच्या पुढे गेली. तेव्हा १९६० च्या मध्यात कंपनीने तिची ‘मॉन्झा’ ही नटवी आवृत्ती काढली. वेगवेगळ्या बैठकी, रुबाबदार रूप, आणि नावही इटलीतल्या शर्यतीच्या मार्गाचे. तरुण मंडळी तिच्यावर फिदा झाली. ‘गरिबाची पोर्शे’ असे लोक तिला म्हणू लागले. १९६२ साली टर्बोचार्जर लावलेली अधिक जोरकस ‘स्पायडर’ आली. काटकसरीची म्हणून जन्मलेली गाडी अशी शौकाची झाली. ताकद वाढली, वेगाची हौस वाढली, आणि मागचा आस होता तोच राहिला.

त्यामुळे एक नवाच धंदा भरभराटीस आला. कंपनीने जे दिले नाही ते बाहेरचे लोक विकू लागले. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी जो व्हिटोनी नावाचे फोक्सवॅगनचे विक्रेते होते. ‘एम्पी’ या नावाने ते गाड्यांना जोडावयाचे सामान काढीत. त्यांचा एक आडवा पाटा प्रसिद्ध आहे. तो गिअरबॉक्सखाली मधोमध एका खिळीवर बसवावयाचा आणि त्याची दोन टोके दोन अर्ध्या आसांखाली टेकवावयाची. मधे खिळीवर असल्याने गाडी कलंडली तरी पाटा तराजूच्या दांडीसारखा झुकतो, कलंडण्याला अडवत नाही; पण दोन्ही अर्धे आस एकदम खाली दुमडू लागले की त्यांना वर रेटून धरतो. बीटलसाठी तो मिळे, तसाच कॉर्व्हेअरसाठीही मिळे. याच जातीचा पाटा पोर्शेने १९६० च्या आपल्या ‘सुपर ९०’ गाडीत स्वतःच बसवला होता. म्हणजे औषध ठाऊक होते, दुकानात होते, ते करायला रविवारची एक सकाळ पुरे होती.

दुसरा माणूस जॉन फिच. याच्याविषयी थोडे अधिक सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धातला हा वैमानिक पुढे शर्यतीत उतरला आणि १९५५ साली मर्सिडीज-बेंझच्या चमूत होता. त्या वर्षी ११ जून रोजी फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा जोडीदार पिएर लेव्हेग याची गाडी प्रेक्षकांत घुसली. लेव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मरण पावले. फिच आपली पाळी येण्याची वाट पाहत तेथेच उभा होता. पुढे तो कनेक्टिकटमधल्या लाइम रॉक येथील शर्यतीच्या मार्गाचा व्यवस्थापक झाला. तेथेच जवळपास त्याने कॉर्व्हेअर सुधारण्याचे काम आरंभिले. गिऱ्हाइकाने मॉन्झा आणून द्यावी आणि ‘फिच स्प्रिंट’ घेऊन जावी. शॉक ॲब्सॉर्बर बदलावयाचे; स्टिअरिंग जलद करावयाचे, म्हणजे हाताच्या थोड्या हालचालीने चाके अधिक वळतील; आणि मागची चाके मुळातच किंचित आतल्या बाजूस कलती बसवावयाची, की वळणावर ती दुमडण्याऐवजी जेमतेम सरळ व्हावीत. इंजिनाची ताकदही तो थोडी वाढवी, परंतु गाडीचा स्वभाव पालटे तो चाकांच्या बैठकीमुळे. नवी गाडी घडवावी लागली नाही. होते तेच सामान नीट बसवले आणि थोडे बदलले.

हाच फिच पुढे हमरस्त्यावर पुलांच्या खांबांपुढे वाळूने भरलेली प्लॅस्टिकची पिंपे ठेवण्याची पद्धत काढणारा म्हणून जगाला ठाऊक झाला. आदळणाऱ्या गाडीचा जोर ती पिंपे टप्प्याटप्प्याने शोषून घेतात. ल मांचे ते दृश्य तो विसरला नव्हता. २०१२ साली तो वारला.

मग कंपनी काय करीत होती? १९६२ च्या गाड्यांसाठी तिने ज्यादा पैसे घेऊन द्यावयाच्या सामानात एक संच ठेवला. त्यात कडक स्प्रिंगा होत्या, पुढची ती कांब होती, आणि मागचे आस फार खाली दुमडू नयेत म्हणून पट्टे होते. ज्याला ठाऊक होते त्याने मागावे. ज्याला ठाऊक नव्हते त्याने मागितले नाही. आमच्या मते साऱ्या प्रकरणाची खोच येथे आहे. शर्यतीचा नाद असलेला तरुण मासिके वाची, कांब मागे, पाटा बसवी, फिचकडे गाडी नेई. त्याला वळणही कळे आणि त्यावरचा उपायही. बँकेतल्या कारकुनाला, शिक्षिकेला, नव्याने गाडी शिकलेल्या मुलाला यांतले काही कळत नव्हते, आणि खरी गरज त्यांनाच होती. सुरक्षितपणा हा हौशी लोकांचा अलंकार म्हणून विकला जात होता.

१९६१ च्या अखेरीस शेव्हरोलेची सूत्रे सेमॉन नुडसन यांच्याकडे आली. जनरल मोटर्समधले एक वरिष्ठ अधिकारी जॉन डेलोरियन यांनी पुढे कंपनी सोडल्यावर जे सांगितले, ते १९७९ साली पुस्तकरूपाने आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नुडसन यांनी कांब बसवण्याची परवानगी वरिष्ठांकडे मागितली, ती खर्चाच्या कारणाने नाकारली गेली, आणि अखेर राजीनाम्याची धमकी दिल्यावर मिळाली. खर्च होता गाडीमागे पंधरा डॉलर. डेलोरियन हे काही निःपक्षपाती साक्षीदार नव्हेत, कंपनीशी त्यांचे बिनसले होते; त्यांचा शब्द त्या हिशेबानेच घ्यावा. पण घडले काय ते निर्विवाद आहे. १९६४ च्या प्रत्येक कॉर्व्हेअरला पुढे कांब आणि मागे आडवा पाटा कारखान्यातूनच आला. १९६५ साली तर दोलायमान आस मुळातच काढून टाकला. प्रत्येक अर्ध्या आसाला दोन सांधे दिले, आणि चाक वरखाली होताना बरेचसे उभेच राहू लागले. त्या वर्षीची गाडी जाणकारांनी वाखाणली. परंतु तोवर अकरा लाखांहून अधिक जुन्या गाड्या रस्त्यावर गेल्या होत्या.

अपघातांच्या फिर्यादी शंभरावर गेल्या. कॅलिफोर्नियातल्या एका स्त्रीने १९६१ साली गाडी उलटून हात गमावला होता. तिचा खटला उभा राहिल्यावर थोड्याच दिवसांत, १९६४ साली, कंपनीने सत्तर हजार डॉलर देऊन तो मिटवला. १९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या एकतीस वर्षांच्या वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक निघाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणाच्या मथळ्यात ‘स्पोर्टी कॉर्व्हेअर’ हे शब्द आहेत. पुस्तक कदाचित थोडे वाचले जाऊन विसरले गेले असते. पण कंपनीने नेडरच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. ही गोष्ट फुटली, आणि २२ मार्च १९६६ रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटारींच्या सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. गाडी कशी घडवावी यावर प्रथमच देशाचा कायदा चालू लागला. नेडरच्या दाव्यात १९७० साली कंपनीने सव्वाचार लाख डॉलर देऊन तडजोड केली.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि आमचे पुष्कळ सहकारी ती सांगत नाहीत. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने लांबलचक पुरावा ऐकून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पुढे सरकारच्याच वाहतूक-सुरक्षा खात्याने १९६३ ची कॉर्व्हेअर त्या काळच्या इतर गाड्यांबरोबर चालवून पाहिली आणि १९७२ साली अहवाल दिला, की ताबा सुटण्याचा किंवा उलटण्याचा धोका तिच्यात इतर गाड्यांहून जास्त आढळला नाही. नेडरने तो अहवाल मान्य केला नाही. आम्ही मात्र तो मान्य करतो. फक्त तुलनेला कोणत्या गाड्या होत्या ते पाहावे. फाल्कन आणि व्हॅलियंट होत्या हे खरे; पण फोक्सवॅगन आणि रेनो याही होत्या, आणि त्यांचे इंजिनही मागे व आसही दोलायमान. शिवाय इतरांइतकीच वाईट, हा निर्दोषत्वाचा दाखला असला तरी प्रशस्तिपत्र नव्हे. कांब बसवता येत होती, ती बसवण्याचा विचार झाला होता, आणि ती आली चार वर्षांनी. या तीन गोष्टींना त्या अहवालाने धक्का लागत नाही.

गंमत अशी, की नेडरचे पुस्तक निघाले तेव्हा ज्या आसावर त्याचा रोख होता तो नव्या कॉर्व्हेअरमधून गेलेला होता. सुधारलेल्या गाडीला बिघडलेल्या गाडीची बदनामी भोवली. फोर्डची मस्टँग १९६४ च्या एप्रिलपासून तरुण गिऱ्हाईक ओढीत होती, तोही घाव होताच. १९६६ साली खप निम्म्याहून खाली आला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या डॉन येन्को यांनी शर्यतीसाठी शंभर कॉर्व्हेअर वेगळ्या तयार केल्या, ‘स्टिंगर’ या नावाने, आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर एकाने आपल्या वर्गातले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. बाजारात जी गाडी कोणी घेईनासे झाले होते तीच शर्यतीच्या मार्गावर वळणे मारून जिंकत होती.

अखेरच्या गाड्या मिशिगनमधल्या विलो रन येथे जोडल्या गेल्या. युद्धकाळात फोर्डने बॉम्बर विमाने बनवण्यासाठी उभारलेला हा परिसर. मुख्य साखळीवरून काढून कारखान्याच्या एका बाजूच्या भागात थोडे कामगार त्या जवळजवळ हातानेच जोडीत असत. १९६९ साली गाडी बंद झाली त्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी आपली संस्था स्थापन केली, आणि ती अजून चालू आहे. तिच्यातली मंडळी १९६० ते १९६३ च्या गाड्या जपून ठेवतात. जुनी गाडी हाती आली की आधी टायरांतली हवा मोजावी आणि मग खाली शिरून मागे तो आडवा पाटा आहे की नाही ते पाहावे, अशी त्यांच्यात रीत आहे. पाटा नसला तर नवा घडवलेला आजही मिळतो.